नदीकडची अकरावी खोली

"मिस्त्री, सगळं ब्येस झालं. पन होडी कुठं लागायची?"

एवढं बोलून चुना वाहणाऱ्या ठकूबाईनं भाकरीचा शेवटचा तुकडा ठेच्यावरून फिरवला, तोंडात टाकला आणि ती परत चावण्याच्या कामाला लागली. गडी हसले. सगळे हसले म्हणून येसाजी मिस्त्रीही हसला. गोष्ट हसण्यासारखीच होती. चैत्रातली दुपार होती, सावित्रीचं पात्र एवढं आटलं होतं की एखाद्या बेडकानं मनात आणलं असतं तर तळवे न भिजवता पलीकडं जाऊन, एखादं लग्न जेवून, दिवसाउजेडी महाडात परत आला असता. आणि ही बाई माडीवरच्या भिंतीकडं, जमिनीपासून आठ-नऊ हात वर, हनुवटी उचलून होडी विचारत होती. येसाजीनं तांब्या तोंडाला लावला. दोन घोट गेले. तिसरा घशापाशी येऊन थांबला आणि का थांबला ते काही केल्या त्याला कळेना. त्यानं तो बळेच गिळला, तांब्या खाली ठेवला, आणि ज्या भिंतीकडं ठकूबाईची हनुवटी गेली होती तिकडं न बघता तो खाली पडलेल्या दोन सागवानी फळ्यांकडं बघत बसला. फळ्या कसल्या, दाराची झडपं ती. त्यावर बसूनच गडी गेले आठ दिवस जेवत होते.

चाळीचं नाव गलबतवाल्यांची चाळ. सावित्रीतून भरतीच्या पाण्यावर गलबतं वर यायची त्या काळातली. मीठ, सुकी मासळी, नारळ, कौलं घेऊन यायची आणि तांदूळ, हिरडा, लाकूड घेऊन जायची. त्या व्यापाऱ्यांना आणि गलबतं हाकणाऱ्या तांडेलांना उतरायला चाळमालक जहांगीरशेठच्या आजोबांनी जांभ्या चिऱ्याची ही दुमजली चाळ बांधली. लोक सांगतात, तेव्हा चाळीत इतकी दाटी असायची की एकानं कूस बदलली की सहाव्या खोलीतला माणूस जागा व्हायचा. मग सडक झाली. सडकेवरून लॉऱ्या आल्या, नदी गाळानं भरली, गलबतं येईनाशी झाली आणि चाळ रिकामी पडली ती पंधरा वर्षं. वटवाघळांनी भाडं न देता वस्ती केली. आता एसटीचे कंडक्टर, शाळांवरचे नवे मास्तर, पेठेतले हमाल अशी माणसं महाडात भरत चालली होती, आणि त्यांना डोकं टेकायला जागा मिळत नव्हती. मुंबईत राहणाऱ्या जहांगीरशेठनी पत्र धाडलं: जुने मोठाले दालनवजा गाळे पाडून लहान खोल्या करा, खर्च बेतात ठेवा, म्हणजे हमालालासुद्धा परवडेल असं भाडं ठेवता येईल. म्हणून भिंतींच्या जागी कारवीचे कूड आले, त्यावर शेणमातीचा लेप, त्यावर चुन्याचा हात. कारवी पोलादपूरच्या डोंगरातली. येसाजीही तिथलाच, उमरठकडचा. माणसाची सोय अशी स्वस्तात कशी करायची ते त्याच्याइतकं कुणाला कळणार? तीस वर्षं मुंबईत त्यानं तेच केलं होतं. एका खोलीच्या दोन कर, दोनाच्या तीन कर, जिन्याखाली एक काढ. मुंबईतले लोक म्हणायचे, येसाजी मिस्त्रीला एखादं कपाट दिलं तर त्यातही तो दोन बिऱ्हाडं आणि एक मोरी बसवील.

चाळीत खोल्या दहा बसत होत्या. मुश्ताकभाई, शेठचा इथला कारभारी, नकाशावर बोट ठेवून म्हणाला होता, "दहाच्या वर जी काढशील येसाजी, ती तुझी. हयातभर. शेठचा शब्द." हे ऐकल्यावर येसाजी दोन दिवस चाळीत नुसता फिरला. हातातला ओळंबासुद्धा त्यानं खाली ठेवला नाही. आणि तिसऱ्या दिवशी त्याला अकरावी सापडली. माडीवर, सगळ्या खोल्यांच्या शेवटाला, नदीच्या अंगाला एक रुंद बोळ होता. बोळाच्या टोकाला दार, आणि दाराबाहेर काही नाही. पायरी नाही, सज्जा नाही, नुसती हवा. उघडून कुणी बेसावध बाहेर पाऊल टाकलं तर थेट खालच्या निवडुंगात. मुंबईच्या वखारींना अशी दारं येसाजीनं पुष्कळ पाहिली होती. वर कप्पी, कप्पीला दोर, खालून गाठोडी ओढून घ्यायची. आता गलबतं नाहीत, गाठोडी नाहीत. मग दार कशाला? त्यानं झडपं उतरवली, चिरे लावले, चुन्यात भिंत बसवली, अलीकडच्या तोंडाला आडवा कूड घालून एक लहानसं दार बसवलं. झाली खोली. चांगली नऊ हात लांब, पाच हात रुंद. त्या संध्याकाळी त्यानं आपल्या हातानं उमरठला घरी पत्र लिहिलं. हात येसाजीचा नव्हता, पोस्टातल्या लिहिणाऱ्याचा होता, पण पैसे येसाजीचे. 'खोली झाली. निघून ये.'

गडी जेवून उठले तसा तो माडीवर गेला. खोलीत शिरला. ओल्या चुन्याचा वास होता, थंड होती खोली, आणि अंधारी. भिंतीला तळहात लावून तो उभा राहिला. मग खाली उतरून मागच्या बाजूनं, निवडुंगातून अंग चोरत, त्याच भिंतीच्या बाहेर उभा राहिला आणि वर बघितलं. चिऱ्यात लोखंडी कडं होतं. मनगटाएवढं जाड, घासून एका अंगाला झिजलेलं. हे कडं त्यानं आधीही पाहिलं होतं, दार उतरवताना त्यावर पायसुद्धा टेकवला होता. पण कप्पीचं कडं दाराच्या वर असतं. हे उंबऱ्याच्या खाली होतं, होडी बांधायचं. डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यापर्यंत पोचायला आठ दिवस लागले, आणि तेही एका चुना वाहणाऱ्या बाईनं विचारलं तेव्हा.

ठकूबाई मागून येऊन उभी राहिली होती. पाटी रिकामी, कमरेवर हात.

"कवा आलं हतपर्यंत पानी?" त्यानं कड्याकडं बोट करून विचारलं.

"मी पयल्यांदा बगितलं, परकरात व्हते तवा. खालचा मजला सगळा गेला. लोक हतनं उतरले, होडीत. एक म्हस व्हती तांडेलाची, ती जिना चढून माडीवर गेली आनि पूर सरला तरी उतरंना. म्हशीला चढायला येतं मिस्त्री, उतरायला येत नाय. दसऱ्यापातूर वरच व्हती. वरच व्याली. त्या रेडकाला पुढं जमिनीवर चालाय भ्या वाटायचं."

"खोटं बोलतेस."

"म्हशीचं थोडं जास्ती असंल," ती म्हणाली. "पान्याचं नाय."

आणि ती पाटी घेऊन गेली. येसाजी तिथंच एका चिऱ्यावर बसला. काम वर चालू होतं, कुणीतरी कूड ठोकत होतं, ठोक्यांवर ठोके पडत होते. त्याला वाटलं, आपण डोंगरातली माणसं. आपल्याकडं पाणी वरून येतं आणि खाली निघून जातं, थांबत नाही. मुंबईला पाणी नळाला येतं आणि तिथंही थांबत नाही. पाणी पायऱ्या चढून वर येतं, दाराशी उभं राहतं, ही गोष्ट आपल्याला कोण सांगणार? तरीही अंगाला घाम फुटायला हवा होता तो फुटला नव्हता. हेच त्याला खटकत होतं. दहा बिऱ्हाडं माडीवर कोंडली जातील अशी भिंत आपण घातली, हे कळल्यावर माणूस घाबरतो. येसाजी घाबरला नव्हता. घशापाशी थांबलेला तो तिसरा घोट त्यानं मनातल्या मनात पुन्हा आणला, तोंडात घोळवला, आणि चव ओळखली. ती सुटकेची होती. भिंत फोडावी लागणार. खोली जाणार. आज संध्याकाळच्या गाडीनं येणाऱ्या आवडीला परत उमरठला जावं लागणार. आणि यात येसाजीचा काही दोष नसणार.

आवडी म्हणजे त्याची बायको. बत्तीस वर्षं झाली लग्नाला. त्यातले गणपतीचे दहा दिवस आणि शिमग्याचे आठ, तेही ज्या वर्षी रजा मिळाली त्या वर्षीचे, असे सगळे एकापुढं एक ठेवले तर वर्ष-दीड वर्षाचा संसार भरला असता. बाकीचा वेळ तो लालबागेतल्या गाळ्यात होता. पंचवीस गावकरी एका खोलीत. तिथं गप्पा होत्या, भजन होतं, घोरणं होतं, भांडणं होती. एकानं सुरू केलेलं वाक्य दुसरा पुरं करायचा. त्यामुळं येसाजीला आपलं वाक्य आपणच पुरं करायची कधी सवयच लागली नाही. घरी गेला की आवडी विचारायची, "जेवलाव?" तो म्हणायचा, "जेवलो." मग पुढं काय? ती चुलीपाशी, तो ओटीवर, मध्ये भावाचं सगळं घर. मुलगी झाली तेव्हा तो दोन दिवसांनी पोचला. तिचं लग्न झालं तेव्हा अक्षता पडता पडता पोचला. एकदा पावसात दगडांचा गडगा ढासळला आणि आवडीचा पाय मोडला, ते त्याला कळलं तेव्हा ती चालायलाही लागली होती. त्यानं विचारलं, "दुखतो?" ती म्हणाली, "आता कुठं." दुखणं आता थांबलं म्हणाली की विचारायला आता कुठं सुचलं म्हणाली, ते त्याला अजून उलगडलं नव्हतं. नऊ हात बाय पाच हात. दोन माणसं. मध्ये भाऊ नाही, भावजय नाही, भजन नाही. इतक्या माणसांची सोय लावली, पण या दोन माणसांनी त्या खोलीत काय बोलायचं हे त्याला कुठल्या नकाशात दिसलं नव्हतं.

मुश्ताकभाई तीन वाजता सायकल हातात धरून आला. त्याला चढावर सायकल चालवता यायची नाही आणि उतारावर भीती वाटायची, त्यामुळं सायकलच त्याच्याबरोबर महाडभर फिरायला येई. येसाजीनं सांगितलं. मुश्ताकभाई सायकलची मूठ पुसायला लागला.

"तुमाला ठावं व्हतं?"

"महाडचा मी. मला ठाऊक नसायला काय झालं?"

"मग बोल्लाव का नाय?"

मुश्ताकभाईनं सायकलची घंटी उगीच एकदा वाजवली. "तू खोली मिळाली म्हणून सांगायला आलास त्या दिवशी, तुझं तोंड बघितलं मी. म्हटलं, राहू दे. पूर काय रोज येतो? आला तर कौलं काढून बाहेर काढू लोकांना. मी आहे की."

"पोरंबाळं कौलांवरनं?"

"ते बरोबर," तो म्हणाला. मग म्हणाला, "फोडशील तर दहाच राहतील येसाजी. तुझ्यासाठी शेठपाशी दुसरी मागता येणार नाही. दहाही दिल्या गेल्यात."

"फोडतो," येसाजी म्हणाला. आणि हे म्हणताना आपला आवाज किती हलका निघाला ते ऐकून त्याची त्यालाच शरम वाटली. मुश्ताकभाई त्याला मोठा त्यागी माणूस समजून बघत होता. तसं बघणाऱ्या माणसासमोर उभं राहण्याइतकं अवघड काम नाही.

एसटी साडेचारला आली. आवडी पहाटे उमरठहून चालत पोलादपूरला आणि तिथून गाडीत. डोक्यावर हंडा, हंड्यात गाडगी, पाठीला घोंगडी, काखेत एक कोंबडी. कोंबडीचं तिकीट काढावं का नाही यावरून कंडक्टरशी तिचं जे बोलणं झालं ते सगळी गाडी महाडपर्यंत ऐकत आली, असं नंतर त्या कंडक्टरनंच सांगितलं. योगायोगानं खोली नंबर चार त्याचीच होती. येसाजीनं हंडा घेतला. दोघं पुढंमागं चालत आली. तिच्या पायात ते जुनं लंगडणं होतं, अगदी किंचित, दर चौथ्या पावलाला. त्यानं ते आज पहिल्यांदा पाहिलं, किंवा पहिल्यांदा मोजलं.

माडीवर तिनं खोलीत पाऊल टाकलं, कोंबडी सोडली, आणि दिवसभरात येसाजी उभा राहिला होता नेमकी तिथंच उभी राहून भिंतीला तळहात लावला.

"हतं दार व्हतं," ती म्हणाली.

"कसं वळखलंस?"

"वारं अडून बसलंय." मग वळून म्हणाली, "का बुजवलं?"

त्यानं सांगितलं. होडीचं, कड्याचं, पाण्याचं. म्हशीचं वगळलं. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की आपण सलग बोलतो आहोत आणि मध्ये कुणी तोंड घालत नाही. शेवटी म्हणाला, "फोडाय लागंल. मग ही खोली नाय, वाट होईल. वाटंत कुनी ऱ्हात नाय. तुला परत..." पुढचं वाक्य त्यानं नेहमीसारखं मोकळं सोडलं, कुणीतरी पुरं करील म्हणून.

आवडीनं ते पुरं केलं नाही. ती खाली बसली, पाय पसरले, गुडघा चोळला. बाहेर कुडावर चुन्याचा हात मारत होते, त्याचा ओला फटका ऐकू येत होता.

"पूर किती वर्सांनी येतो?"

"ठकूबाई म्हनते धा-पंधरा. मदी लहान येतात, ते जोत्याशी थांबतात."

"आनि आला की किती दिवस ऱ्हातो?"

"दोन दिवस. लई तर तीन."

"मंजे पंधरा वर्सांत तीन दिवस लोक हतनं जानार," ती म्हणाली. "उमरठला माझ्या चुलीसमोरनं रोज चवदा मानसं जातात. तीस वर्सं जातायत. दार फोडा. झडपं लावा. पावसाळ्यात आतल्या दाराला कडी घालायची नाय, वाटंत काय ठेवायचं नाय. आले लोक तर उठून उभी ऱ्हाऊ, जा म्हनू." आणि त्याच्याकडं न बघता, "का तुमाला दुसरंच काय पायजे?"

कूड आहे, त्याला कान नाहीत, आणि तरी येसाजीला वाटलं की सगळ्या चाळीनं श्वास धरला आहे. खोटं सांगायला सोपं होतं. त्याच्याकडं एक चांगलं, दहा बिऱ्हाडांच्या भल्याचं, मुश्ताकभाईला पटलेलं कारण तयार होतं, आणि या बाईनं ते बसल्या जागी, गुडघा चोळता चोळता, हातातून काढून घेतलं होतं.

"भ्या वाटतं," तो म्हणाला.

"कशाचं?"

"काय बोलायचं त्याचं."

आवडीनं मान हलवली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. "मला पन," ती म्हणाली. "गाडीत सगळा येळ तेच चाललं व्हतं. म्हनून तर कंडक्टरशी भांडले. जरा तोंड मोकळं केलं."

भिंत दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः फोडली. गड्यांना हात लावू दिला नाही. चुना अजून पुरता धरला नव्हता, चिरे अख्खे निघाले, ते खालच्या मोरीला कामी आले. झडपं धुतली तर त्यांवर आठ दिवसांच्या ठेच्याचे डाग होते, ते निघाले नाहीत. दार बसलं तेव्हा नदीचा वारा बोळातून असा घुसला की आधीच राहायला आलेल्या सात नंबरच्या मास्तरांच्या हातातलं पुस्तक आपणहून तीन पानं पुढं गेलं. दोन रात्री आवडी ठकूबाईकडं राहिली. तिथं दोघींचं काय ठरलं ते येसाजीला कसं कळावं?

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना तो अंग धुऊन, धुतलेली बंडी घालून माडीवर आला. अकरावीचं आतलं दार लावलेलं. त्यानं ढकललं. आतून कडी. तीस वर्षांत त्यानं किती दारं घडवली असतील, कड्या बसवल्या असतील. पण बंद दारावर बाहेरून थाप मारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. गाळ्याचं दार बंदच व्हायचं नाही. त्यानं बोटाच्या पेरानं हळूच वाजवलं.

"कोन?"

"मी."

"मी कोन?" आतून. आणि आतच कुठंतरी ठकूबाईचं फिस्सकन हसू. "नव्या घरात नाव घेतल्याबिगर यायचं नसतं. नाव घ्या."

गॅलरीत एव्हाना गडी जमले होते. मास्तर पुस्तक मिटून आले. मुश्ताकभाई सायकल खाली ठेवून आला, म्हणजे गोष्ट मोठी होती. येसाजीनं इकडं तिकडं बघितलं. लग्नात घेतलं होतं एकदा नाव, तेही मामानं कानात सांगितलेलं. त्यानंतर 'अगो' झालं, 'ऐकलंस का' झालं, मुंबईत विचारलं कुणी तर 'घरची' झालं, पत्रात लिहिणाऱ्यानं 'सौभाग्यवती' घातलं. त्यानं मनात जुळवाजुळव करून पाहिली. नदीशी काही जुळेना, खोलीशी जुळेना, चिऱ्याशी तर नाहीच. पहिली ओळ अर्धी होऊन तुटायची आणि ती पुरी करायला कुणी नव्हतं.

"आवडी," तो म्हणाला.

"ऐकू नाय आलं."

त्यानं छाती भरून घेतली. "आवडी!"

बंद दारातून ते नाव कसं पार झालं ते झालं. पण बोळातून सरळ गेलं, पलीकडच्या उघड्या दारातून बाहेर पडलं आणि नदीच्या पात्रावर पोचलं, कारण खाली कपडे धुणाऱ्या दोघींनी मान वर केली. त्यातल्या एकीचं नावही तेच असावं, कारण तिनं ओ दिली. आतून ओ यायच्या आधी कडी निघाली.